अर्ध्या डब्यावाल्या काकू

अर्धेकाकूंनी, मी बघितलं तेवढ्या वर्षांत, एकही काम पुरं केलं नाही. दारातल्या रांगोळीचा एक कोपरा कायम मोकळा. ब्लाउजला तीन हुक, चौथ्याच्या जागी टाचणी. मनूसाठी, म्हणजे त्यांच्या लेकीसाठी, स्वेटर विणायला घेतला तो एका बाहीवर थांबला, आणि त्या पोरीने दोन हिवाळे तो तसाच एक हात उघडा ठेवून घातला. बोलतानासुद्धा वाक्य मध्येच सोडून त्या दुसऱ्या कामाला निघून जायच्या, समोरचा माणूस वाट बघत उभा. आणि अशा बाईला अख्ख्या तालुक्याने डोक्यावर घेतलं, तेही अर्धवट कामासाठीच! आणि मी, जिच्या घरात वाटीसुद्धा कधी पालथी पडलेली दिसणार नाही, ती शेजारच्या क्वार्टरच्या खिडकीतून हे बघत बसले.

आधीच सांगून टाकते, मी त्यांच्यावर जळत होते. लोक अशा वेळी 'जरासं वाईट वाटायचं' म्हणतात. मला जरासं नाही वाटायचं. त्यांच्या दारात डबे न्यायला जीप थांबली की माझ्या पोटात खरोखर दुखायचं. मी ओव्याचं पाणी पिऊन बघितलं, हिंग लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही. जीप गेली की आपोआप थांबायचं.

'अर्धे' हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पोरांनी पाडलेलं नाव, अर्ध्या डब्यावरून. पुढे ते इतकं रुळलं की अंबडच्या दुकानातून सामान आलं तर पोत्यावर 'अर्धे मॅडम, अंकुशनगर' असं लिहिलेलं असायचं. काकूंनाही त्याचं काही नव्हतं. त्या हसून पोतं आत ओढायच्या, तेही उंबऱ्यापर्यंतच. उरलेलं त्यांचा नवरा संध्याकाळी कामावरून आल्यावर ओढायचा.

आमची कॉलनी म्हणजे साखर कारखान्याच्या क्वार्टरांची. गाळप सुरू झालं की वाळत घातलेल्या कपड्यांवर बॉयलरची काजळी, नाकात मळीचा वास आणि दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड. आमचे हे हापिसात, काकूंचे यजमान वजनकाट्यावर. कॉलनीत माझ्या हाताचं नाव होतं, हे मीच सांगते कारण आता दुसरं कुणी सांगत नाही. डोहाळजेवण असो, बारसं असो, पुरणाला मलाच बोलावणं. माझे लाडू एका ओळीत मांडले तर लहानमोठा ओळखून दाखवावा कुणीही. आणि काकू घनसावंगीकडून बदलून शेजारी राहायला आल्या त्या पहिल्याच दिवशी माझ्याकडे विरजण मागायला आल्या. वाटी घेऊन आल्या, विरजण घेतलं, आणि वाटी माझ्याच ओट्यावर विसरून विरजण तळहातावर घेऊन गेल्या.

त्यांची भाकरी मी तेव्हाच बघितली. काठ फाटलेले, मधे भोक, एका बाजूला कच्ची. मी म्हटलं, "अहो, पीठ जरा जास्त मळायचं." तर म्हणाल्या, "लई मळते ओ ताई. पण ते मळता मळता मला दुसरंच काही आठवतंय, अन् मंग..." मंग काय, ते सांगितलंच नाही. चुलीकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. भाकरी करपली.

पण मला त्यांच्या भाकरीशी काही घेणंदेणं नव्हतं. माझं दुखणं वेगळंच होतं. माझा सोहम जेवत नव्हता. दुसरीत होता तेव्हा, आणि अंगावर मांस नाही. अंबडच्या डॉक्टरांनी दोन औषधं बदलली, कारखान्याच्या देवळातल्या मारुतीला नवस बोलून झाला, दृष्ट काढून झाली. मी ताट घेऊन त्याच्या मागे क्वार्टरपासून पाण्याच्या टाकीपर्यंत फिरायचे. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, मोबाइलवर कार्टून लावून झालं. तो घास गालात धरून अर्धा तास बसायचा आणि मी बघत नाही असं पाहून कुंडीत थुंकायचा. आमच्या जास्वंदाला जेवढं वरणभात मिळालं तेवढं त्या पोराच्या पोटात गेलं नसेल. सगळ्या कॉलनीला माझ्या हातचं गोड लागायचं आणि माझ्या पोटच्या पोराला नाही. हे मी कुणाला सांगणार होते?

त्यांची मनूही तशीच होती, किडकिडीत, सोहमच्याच वर्गात. म्हणून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दोघींचं दुःख एक झालं की शेजार जमतो. पण एके दिवशी पातेलं परत आणायला गेले तर मनू ओट्यावर मांडी घालून बसलेली, पुढ्यात परातीत शेंगदाण्याचं कूट आणि गूळ कालवलेला, आणि ती पोरगी आपल्या इवल्या मुठीत लाडू वळत होती आणि वळला की तोंडात टाकत होती. एक, दोन, तीन. मी मोजत होते. चौथ्याला मला राहवलं नाही.

"हे हो काय?" मी विचारलं. "लेकराला कामाला लावलंत?"

"कामाला कुठं ओ ताई." काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला लाडू जमतच न्हाईत. हातात घेतला की फुटतोय. म्हटलं, बाई, तुझं तू वळ. तर आता मला हात लावू देईना. तिचा माल हाये ना तो. मालकीण झालीय."

मी पातेलं घेतलं आणि घरी येऊन सोहमला तूप घातलेले, बेदाणा लावलेले, एकसारखे सहा लाडू ताटलीत मांडून दिले. त्याने एक उचलला, त्यात अंगठा रुतवून खड्डा पाडला आणि ठेवून दिला. ही त्याची जुनी खोड. कणकेच्या गोळ्यात, पुरणाच्या गोळ्यात, जे मी गुळगुळीत करून ठेवीन त्यात अंगठा रुतवायचा. मी त्याच्या हातावर एक चापट मारली, नेहमीसारखी.

खरी आग लागली ती हुरड्याला. पौषात काकूंच्या भावाच्या शेतात आम्ही दोन्ही घरची माणसं गेलो. आगटी पेटलेली, कणसं भाजून निघत होती, जवसाची चटणी, दही, गूळ, सगळा थाट. माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी बाजूला बसले, सोहमसाठी कणसं चोळली, कूस फुंकून काढलं, काळा दाणा वेचला आणि वाटीभर स्वच्छ हिरवागार हुरडा त्याच्या समोर धरला. त्याने तोंड फिरवलं. तेवढ्यात काकू आल्या आणि एक कणीस, चांगलं गरम, राखेने माखलेलं, त्यांनी सरळ त्याच्या हातावर ठेवलं. "धर. भाजलं तर फुक. जल्दी चोळ, न्हाईतर थंड होतंय." आणि निघून गेल्या. पोरगं हातावर कणीस नाचवत, हाय-हुय करत, चोळायला लागलं. निम्मा दाणा मातीत, निम्मा कुसासकट तोंडात. हनुवटीला काळं. "अजून एक!" म्हणून त्यांच्या मागे पळालं. माझ्या हातातली वाटी तशीच. शेवटी तो हुरडा मी स्वतः खाल्ला. चव कळली नाही.

येताना जीपमध्ये काकू म्हणाल्या, "ताई, लेकरं हुरडा कामून खातेत? चोळून खातेत म्हून खातेत. मी म्हणते रोजच त्यांच्यापुढं थोडं काम ठिवलं तर..." आणि पुढचं वाक्य सोडून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी ते पुरं करायला सांगितलं नाही. आता वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं. मला जे आयुष्यभर सुचलं नाही ते त्या बाईला आगटीच्या धुरात बसल्या बसल्या सुचलं होतं.

पुढच्या सोमवारी मनूच्या डब्यात एका कप्प्यात लाह्या, दुसऱ्यात दही आणि पुडीत मीठ-साखर. शाळेत जाऊन कालवायचं. मंगळवारी मटाराच्या शेंगा आणि भाकरी. सोलायचं, चटणीबरोबर खायचं. बुधवारी उकडलेलं अंडं सालासकट. गुरुवारी कूट-गूळ, वळायला. रोज डब्यात काहीतरी एक काम शिल्लक. मनूच्या भोवती पोरांचा गराडा पडायला लागला. आणि त्याच आठवड्यात माझा सोहम रिकामा डबा घेऊन घरी आला.

काय सांगू मला काय झालं! मी मेथीचे पराठे दिले होते, चार. डब्यात एक तुकडा नाही. मी ह्यांना हापिसात फोन केला. ह्यांना वाटलं काही वाईट बातमी, म्हणून ते धावत घरी. मी मारुतीला नारळ फोडून आले. दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशी रिकामा. मी शेजारणींना सांगितलं, माहेरी सांगितलं. चौथ्या दिवशी शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमचे पराठे फार छान असतात हो, सगळा वर्ग खातो. सोहम वाटून टाकतो आणि तो मनूच्या डब्यातलं वळत बसतो." मी तिथल्या तिथे हसले, "हो का?" म्हटलं, आणि घरापर्यंत कशी चालत आले ते मला आठवत नाही.

मग सगळं त्यांच्या दारात चालत आलं. पहिल्या आल्या उपकेंद्रातल्या सिस्टर, त्यांना सकाळी डबा करायला वेळ व्हायचा नाही. मग शाळेतल्या दोघी बाई. मग अंबडच्या जीपवाल्याने आपल्या लेकीसाठी एक मागितला, "भाभी, मेरी बच्ची का भी एक रखो," म्हणून, आणि त्याच जीपमधून अंबडला डबे जायला लागले. वर्षभरात जालन्यापर्यंत गेले. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला, अशी घरं काकूंना फोन करून विचारायची, "उद्या काय काम आहे?" काय भाजी आहे, हे कुणीच विचारायचं नाही! रविवारी संध्याकाळी त्या फोनवर पुढच्या आठवड्याची कामं सांगायच्या आणि पलीकडून पोरं आनंदाने ओरडायची. भिंतीतून मला ऐकू यायचं.

मी गप्प बसणारी नव्हे. मीही डबा काढला. 'घरगुती परिपूर्ण डबा' अशी पाटी ह्यांच्याकडून रंगवून घेतली. पंधरा दिवस तीन पोरं होती, मग दोन, मग एक, आणि ते एक माझ्या नणंदेचं. तेव्हा मी मान खाली घालून, दार लावून, अर्धा डबा करायला बसले. म्हटलं, ह्यात काय मोठं? मटार तसेच ठेवायचे. पण शेंग उघडून बघितल्याशिवाय आत अळी आहे की नाही कसं कळणार? म्हणून उघडली. एकदा उघडली की दाणे सांडतात, म्हणून सोलले. मग सोललेले दाणे परत शेंगेत भरून शेंग दाबून बंद करायला बसले! कूट-गूळ कालवला आणि माझ्या नकळत हाताने बारा लाडू वळले गेले. बघितलं, कपाळावर हात मारला, आणि एकेक लाडू फोडला. ह्यांनी दारातून बघितलं आणि तसेच परत फिरले. त्या माणसाने आजतागायत तो विषय काढलेला नाही, एवढं मात्र खरं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी जीभ घसरली. घसरली कसली, मी ठरवूनच बोलले. वीस बायकांत, काकू दारातून आत येत होत्या ते बघून म्हणाले, "आजकाल बरं आहे, काम अर्धं करायचं आणि नाव पुरं मिळवायचं." सिस्टर तोंड फिरवून म्हणाल्या, "पण पोरांचे डबे रिकामे येतात ना, ताई." काकू मात्र चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर माझं बरं झालं असतं. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या वाणातला तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बराबर बोलल्या ताई. मला पुरं येतच न्हाई. म्हून तर म्हणते, चटण्या तुम्ही करा. तुमच्या हातची जवसाची चटणी अन् माझं अर्धं काम. आपून दोघी..." इथे थांबल्या. मी म्हटलं, "मला वेळ नसतो." वेळ मला इतका होता की मी त्या दुपारी कपाटातल्या साड्या काढून पुन्हा त्याच घड्या घातल्या.

पण सोहमचं वजन तसंच होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरात जेवायला देता ना?" मला! त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, काकूंकडे डबा लावा. पण मी विचारणार नाही, तुम्ही वजनकाट्यावर जाऊन त्यांच्या यजमानांना सांगा, आणि मला माहीत नाही असं दाखवा. हे उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहून तो निरोप देऊन आले. दुसऱ्या दिवसापासून सोहमचा डबा सुरू झाला. काकू मला रोज दिसायच्या, विरजण न्यायला यायच्या, कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. निदान एकदा टोमणा मारायचा होता, मी उत्तर तयार ठेवलं होतं. दोन महिन्यांत पोराच्या चड्डीचं बटण लागेना. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा मला इतका राग आला की मी नवी चड्डी आठवडाभर शिवायला टाकली नाही.

एकदा त्यांची वाटी परत द्यायला गेले. त्यांच्या ओट्यावर ताटलीत लाडू मांडलेले. मांडलेले म्हणजे ठेवलेले. वेडेवाकडे, एक बोराएवढा, एक लिंबाएवढा, एक चपटा, एकाला पेन्सिलीचा टवका चिकटलेला.

"हे काय, विक्रीला?" मी विचारलं.

"छे ओ. लेकरं वळतेत ना गुरुवारी, तर एक माझ्यासाठी डब्यात परत ठिवतेत. मी कुणाला सांगितलं न्हाई. आपल्या मनानंच सुरू केलं त्यांनी." काकू त्यातला एक उचलून खाऊ लागल्या. "माझ्या हातानं तर आजपर्यंत एक लाडू झाला न्हाई, अन् आता रोज..."

मी ऐकत नव्हते. ताटलीच्या कडेला एक लाडू होता, आणि त्यात मधोमध अंगठ्याचा खड्डा होता.

"हा आमच्या सोहमचा," मी म्हणाले.

"हां, दर गुरुवारी डबा परत द्यायला आला की त्याचा एक असतोच. लई प्रेमाचं लेकरू हाये."

मी वाटी ठेवली आणि घरी आले. मोरीत नळ सोडून रडले. मी त्या पोराला लाखभर घास भरवले असतील. त्याने मला आयुष्यात एक घास दिला नव्हता. आणि देणार कुठून, मी त्याच्या हातात कधी काही येऊच दिलं नव्हतं, हे मला त्या नळापाशी कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. मला तो लाडू हवा होता. त्या ताटलीतून उचलून आणावा असंही मनात आलं. दर गुरुवारी दुपारी मला तो खड्डा पडलेला लाडू दिसायचा, मी कुठेही असले तरी.

गाळप संपलं त्या वर्षी काकूंच्या यजमानांना जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत काम लागलं. डब्यांची मागणीही तिकडेच जास्त होती, एमआयडीसीजवळ मोठं स्वयंपाकघर मिळालं होतं. टेम्पो आला, सामान चढलं. कॉलनीतली सगळी पोरं जमली, सिस्टर रडत होत्या, जीपवाला मोफत मदतीला आला होता. मी खिडकीत. ठरवलं होतं की खाली जायचं नाही. शेवटी काकूच आल्या, माझं विरजणाचं वाटीभर दही घेऊन. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विरजण परत केलं. दारातच उभ्या राहिल्या. माझे दोन्ही हात हातात धरले. त्यांचे डोळे भरले होते, माझे नव्हते, मी दात घट्ट आवळले होते.

"ताई, तुमच्या हाताची चव जर देवानं मला दिली असती ना," त्या म्हणाल्या, "तर मी..."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मनूने खालून हाक मारली. काकू वळल्या आणि जिना उतरून गेल्या. माझ्या आयुष्यात मला जर कुणाचं एक वाक्य पुरं ऐकायचं होतं तर ते हेच. तर मी काय? तर पुरे डबे केले असते? तर मला हे सुचलंच नसतं? की तर मी सुखी झाले असते? मी दळण दळताना, भांडी घासताना ते वाक्य निरनिराळ्या रीतीने पुरं करून बघते. कधी ते माझ्या बाजूने संपतं, कधी त्यांच्या. फोन आहे, नंबर आहे, विचारता येईल. विचारलं नाही.

त्या गेल्यावर सोहमचा डबा बंद झाला. मी पुन्हा ताट घेऊन मागे फिरायला लागले आणि तो पुन्हा गाल फुगवून बसायला लागला. आठवडा तसाच गेला. गुरुवारी सकाळची शाळा होती. मी दाणे भाजले, कूट केलं, गूळ चिरून कालवला. हात आपोआप वळायला गेले. मी ते ओढून पदराखाली धरले आणि परात तशीच उघडी ठेवून स्टुलावर बसले. बसवत नव्हतं. परातीच्या काठाला कूट चिकटलं होतं, तेही मी पुसलं नाही.

सोहम आला, दप्तर टाकलं, परात बघितली. "आई, लाडू का नाही वळलेस?"

"मला जमेना आज," मी म्हणाले. "हातात घेतला की फुटतोय. तूच बघ तुला जमतो का."

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं आता कपाळाला हात लावून ताप बघतो की काय. मग परातीपाशी उकिडवा बसला. हात धुतले नव्हते, मैदानावरून आला होता, नखात काळं. मी जीभ चावली. त्याने मूठभर घेतलं, दाबलं, पुन्हा दाबलं. फुटला. परत वळला. झाल्यावर मधोमध अंगठा रुतवला. मग तो लाडू तळहातावर जपून धरून उठला आणि दाराबाहेर पळाला.

म्हणजे आताही तिकडेच! माझ्या परातीतला, माझ्या गुळाचा, माझ्यासमोर वळलेला पहिला लाडू तिकडेच! इतकं जळले मी त्या क्षणी, काकू समोर असत्या तर भांडले असते.

शेजारच्या दाराला कुलूप होतं. त्याला ते माहीत होतं, पण पाय सवयीने गेले असणार. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग परत आला, लाडवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंग तूच खा," म्हणाला, आणि माझ्या तोंडासमोर धरला.

मी तोंड उघडलं. लाडू अर्धा माझ्या तोंडात आणि अर्धा पदरावर पडला. दाताखाली मैदानावरची माती कचकन आली. चावला, गिळला, पदरावरचा वेचून खाल्ला आणि त्याला म्हटलं, "अजून एक वळ."